कानामागची टिकली

तुषार नेहेते पुन्हा पिणार, हे त्याच्या आधी त्याच्या बायकोला कळलं.

शनिवारची सकाळची शाळा सुटली होती. फैजपूरच्या मुलींच्या शाळेत रेवती गणित शिकवायची. शिक्षकांच्या खोलीत ती पर्स उचलत होती, तेवढ्यात फोन थरथरला. पडद्यावरचा आकडा गेले कित्येक महिने विशीच्या आसपास रेंगाळत होता. आज तो एकसष्ट होता. खाली बारीक अक्षरांत नेहमीची ओळ होती : 'सांगातीने शांत राहावे. रुग्णाला आकडा सांगू नये.'

ती घरी आली तेव्हा तुषार ओट्यापाशी उभा राहून भरताची वांगी भाजत होता. घरभर खमंग धूर पसरला होता.

"आलीस? कांद्याची पात बघ काय ताजी मिळालीय," तो म्हणाला.

रेवतीने पातीकडे पाहिलंच नाही. तिने त्याचे हात पाहिले, डोळे पाहिले, आणि मग नकळत तिची नजर त्याच्या उजव्या कानामागे गेली. केसांच्या कडेला, कातडीच्याच रंगाची, नखाएवढी टिकली चिकटलेली होती.

"काय गं?" त्याने विचारलं.

"कुठे काय," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली. तुषारने गॅस बारीक केला. पाण्याचा आवाज थांबेपर्यंत तो दाराकडे बघत राहिला.

सावद्याला किशोरभाऊ सरोद्यांच्या केळीच्या कारखान्यात तुषार तंत्रज्ञ होता. खोकी भरायचं, उचलायचं, ट्रकमध्ये रचायचं काम तिथे आता यंत्रांचे हात करत. पण केळी पिकवायच्या थंड खोल्या तुषारकडेच होत्या. हिरव्यागार घडांच्या खोलीत इथिलीन वायू केव्हा सोडायचा, किती सोडायचा आणि केव्हा दारं उघडून खोलीला श्वास घेऊ द्यायचा, हे पडद्यावर दिसत असूनही तो दार किंचित किलकिलं करून वासावरून ठरवायचा. त्याचा माल कधी डागाळला नाही. पीत असतानाही नाही, असं किशोरभाऊ सांगत.

प्यायला मात्र तो भयंकर. आधी सुट्टीच्या दिवशी, मग रोज, मग सकाळी दात घासायच्या आधी. स्वादुपिंड सुजून तो मरता मरता वाचला तेव्हा जळगावच्या डॉक्टर अत्तरदे बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "आणखी एकदा असं झालं, तर वाचवता येईलच असं नाही." व्यसनमुक्ती केंद्रातून तो दोनदा कोरडा होऊन परतला, आणि दोनदा पुन्हा प्यायला. दुसऱ्या वेळी तर मुलीच्या, आर्वीच्या, वाढदिवसाला. तिच्या मैत्रिणी केक कापायची वाट बघत बसल्या होत्या आणि हा जिन्यात पडला होता.

त्यानंतर डॉक्टरांनी टिकली सुचवली.

"पिण्याची इच्छा माणसाला स्वतःला फार उशिरा कळते," डॉक्टर दोघांना समोर बसवून सांगत होत्या. "शरीराला ती काही दिवस आधीच ठाऊक असते. झोप तुटक होते. निरोगी माणसाच्या हृदयाचे ठोके किंचित मागेपुढे पडतात, ताण वाढला की ते घड्याळासारखे एकसारखे पडायला लागतात. घामातली रसायनं बदलतात. आवाजात आपल्या कानाला कळणार नाही इतका फरक पडतो. ही टिकली ते सगळं टिपते. दोन-तीन महिन्यांत त्या एका माणसाची तऱ्हा शिकते, मग हजारो रुग्णांशी ताडून सांगते, की हा माणूस येत्या आठवड्यात पिण्याची शक्यता शंभरात किती. दहातले नऊ अंदाज खरे येतात."

"आणि तो आकडा मला दिसणार नाही?" तुषारने विचारलं.

"नाही. सुरुवातीला रुग्णांनाच दाखवत होते. ज्यांना ऐंशी दिसला, त्यातल्या पुष्कळांनी त्याच संध्याकाळी बाटली उघडली. यंत्रच म्हणतंय तर आपण कशाला झगडायचं, असं वाटलं त्यांना. म्हणून आता आकडा जवळच्या एकाच माणसाला दिसतो. त्याला आम्ही सांगाती म्हणतो."

"म्हणजे माझ्या मनातलं हिला कळणार, मला नाही," तुषार हसला. "लग्न झाल्यापासून तेच चाललंय, डॉक्टर."

रेवतीही हसली होती. फार दिवसांनी.

पहिलं वर्ष चांगलं गेलं. एकदा आकडा चढला तेव्हा तिने काहीतरी निमित्त काढून त्याला नाशिकला आपल्या बहिणीकडे नेलं. आठवडाभरात आकडा उतरला. रेवतीला वाटलं, आता आपल्या हातात दोरी आली. पूर्वी तो उशिरा आला की तिचा जीव टांगणीला लागायचा. त्याच्या शर्टाचा वास घे, शब्द जड येतायत का बघ, हे सगळं संपलं. फोन उघडला की झालं.

आर्वी तेव्हा दहावीत होती. एकदा जेवताना ती म्हणाली, "मम्मी, पप्पा तुझ्याशी बोलत होते. तू फोनमध्ये बघत होतीस."

"अगं, त्यांचंच बघत होते."

"तेच म्हणतेय मी," आर्वी म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

तुषारला आकडा दिसत नव्हता, पण रेवतीचा चेहरा दिसत होता. ती विनाकारण जिलबी घेऊन आली, आवाज मऊ करून बोलली, दोनदा जास्त वाढलं, की तो समजायचा. "आज किती?" असं तो आधी थट्टेत विचारायचा. पुढे पुढे थट्टा राहिली नाही. रेवती मग घरात शिरायच्या आधी जिन्यात थांबून चेहरा नीट करू लागली. तोही तिच्या पावलांचा आवाज जिन्यात थांबलेला ऐकू लागला.

तर त्या शनिवारी आकडा एकसष्ट होता. जेवताना तुषार म्हणाला, "उद्या मला वरणगावला जाऊन यायचंय."

"कशाला?"

"असंच. तायडे अण्णांच्या घरी."

तायडे अण्णा म्हणजे दारू सोडलेल्यांच्या गटातले सगळ्यांत जुने. रविवारच्या बैठकीत तुषार त्यांच्याशेजारी बसायचा. पण त्याच्याही आधी, पिण्याच्या दिवसांत, हे दोघं एकाच गुत्त्यावर बसत, हेही रेवतीला ठाऊक होतं.

"या आठवड्यात नको," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी जा. मी पण येईन."

तुषारने घास तसाच हातात धरून तिच्याकडे पाहिलं. काहीतरी त्याच्या ओठावर आलं होतं. रेवतीने चेहरा नीट केला, अगदी जिन्यात करायची तसा.

"बरं," तो म्हणाला आणि जेवायला लागला.

रविवारी आकडा सत्तरीच्या पुढे गेला. रेवतीने कपाटातलं अत्तर आणि दाढीनंतर लावायचं पाणी उचलून ठेवलं. आर्वीला सांगितलं, पप्पांना एकटं सोडू नकोस. आणि मग गच्चीत जाऊन किशोरभाऊंना फोन लावला.

"भाऊ, या आठवड्यात त्याला जरा हलकं काम द्याल का?"

"वहिनी, सरळ सांगा. प्यायला लागलाय का तो?"

"नाही नाही. अजून नाही."

तोंडून निघून गेलेला 'अजून' परत घेता येईना.

"तुम्हाला कसं कळलं, ते विचारत नाही मी," किशोरभाऊ म्हणाले. "पण त्या खोल्यांत गॅस असतो. बंद खोलीत पिऊन पडला तर जाईल जिवानिशी. मला नाही जमणार धोका घ्यायला."

सोमवारी तुषार कामावर गेला तेव्हा खोल्यांचं कुलूप त्याच्या बोटाच्या ठशाला उघडेना. किशोरभाऊंनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, थोडे दिवस बाहेर खोक्यांवर लेबलं नीट लागतायत का तेवढं बघ. आत पिकत असलेला माल कुणी दुसराच बघत होता. दुपारच्या सुट्टीत तुषार घरी आला. रेवती रजा टाकून घरीच होती.

"किशोरभाऊंना तू फोन केलास?"

तिने हातातला फोन पाठीमागे घेतला.

"रेवती, मी प्यायलेलो नाही. माझा वास घे. घे ना. मी काहीच केलेलं नाही, आणि तिथे पोरं माझ्याकडे बघून कुजबुजतायत."

"मी घाबरले रे."

"कशाला? मी काय केलं?"

"तू नाही काही केलंस..."

"मग किती आहे? सांग. किती आहे ते तरी कळू दे मला!"

तिला रडू फुटलं. तीन दिवस धरून ठेवलेला चेहरा सुटला आणि तिने फोन त्याच्या समोर धरला. चौऱ्याऐंशी.

तुषार त्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिला. त्याच्या आवाजातला राग गेला होता.

"मला वाटत होतं, मला फक्त वाईट वाटतंय," तो म्हणाला.

त्याने चपला घातल्या आणि तो जिना उतरून गेला. रेवतीने हाका मारल्या. मग डॉक्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "आकडा दाखवलात?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तो रावेरच्या बसस्थानकामागे सापडला. त्याच्या शर्टावर उलटी वाळली होती. पोट दाबून तो गुरासारखा हंबरत होता. जळगावच्या रुग्णालयात त्याला अतिदक्षता विभागात ठेवलं. स्वादुपिंडाने या खेपेला मूत्रपिंडांनाही ओढलं होतं. नळ्यांच्या जंजाळात त्याचं तोंड पिवळं पडलं होतं, आणि कानामागची टिकली तशीच होती. फोनवर आता आकडा नव्हता. 'घटना नोंदली गेली. अंदाज अचूक' एवढंच लिहून आलं होतं.

रेवतीने ते वाचलं आणि फोन उलटा करून बाकड्यावर ठेवला.

तिसऱ्या दिवशी पिशवीत ठेवलेला तुषारचा फोन वाजला. तायडे अण्णांची मुलगी होती.

"तुषारदादा दहाव्याला आले नाहीत, म्हणून फोन केला. अण्णांचे सगळ्यांत जवळचे तेच. म्हटलं बरे आहेत ना?"

रेवतीला आधी अर्थच लागेना. मग हळूहळू तिने विचारून घेतलं. एवढी वर्षं कोरडे राहिलेले अण्णा पुन्हा प्यायले होते आणि त्यातच गेले. तुषारला त्याच दिवशी कळवलं होतं. तो फोनवर खूप रडला होता. रविवारी येतो म्हणाला होता.

तिने फोन ठेवला. त्याने घरात चकार शब्द काढला नव्हता. का, ते तिला समजत होतं. अण्णा पिऊन गेले असं ऐकल्यावर तिचा चेहरा कसा झाला असता, ते त्याने आधीच बघून ठेवलं होतं.

संध्याकाळी तिने डॉक्टरांना त्यांच्या खोलीत गाठलं.

"तुमच्या यंत्राला दुःख आणि तलफ यातला फरक कळत नाही?"

डॉक्टर म्हणाल्या, "शरीरात दोन्हींची चिन्हं बरीचशी सारखीच असतात. झोप जाते, ठोके बदलतात. आणि दुःखातला माणूस पितोही. म्हणून यंत्राचं चुकतं असं म्हणता येत नाही." मग म्हणाल्या, "हल्ली आम्हाला आणखी एक गोष्ट दिसायला लागलीय. आकडा वाढला की सांगाती घाबरतो. रुग्णाला ते जाणवतं. त्याचा ताण वाढतो. टिकली तो ताण टिपते आणि आकडा आणखी वाढतो. शेवटी अंदाज खरा ठरतो. पण किती त्याच्यामुळे आणि किती आपल्यामुळे, हे वेगळं काढायची सोय नाही."

"म्हणजे मी त्या रविवारी त्याला वरणगावला जाऊ दिलं असतं तर..."

"कदाचित अण्णांच्या घरी रडून मोकळा होऊन परत आला असता. कदाचित तिथूनच बाटली घेऊन आला असता. रेवती, मला खरंच माहीत नाही. ते आता कुणालाच कळणार नाही."

रेवतीला वाटलं होतं, डॉक्टर तिला दोष देतील किंवा तिची समजूत काढतील. त्यांनी दोन्हींपैकी काहीच केलं नाही.

तुषार वाचला. आर्वी मात्र त्याला घरी आणायच्या आदल्या दिवशी म्हणाली, "मम्मी, मी मावशीकडे राहून शिकते. मला नाही राहायचं इथे. मला पप्पांचा राग नाही आलेला. मला तुमच्या दोघांच्या घरात श्वास घेता येत नाही." रेवतीने तिची बॅग भरून दिली. नाशिकच्या गाडीत बसताना आर्वीने तिला मिठी मारली, पण मागे वळून पाहिलं नाही.

घरी आल्यावर तुषार बरेच दिवस खाटेवरच होता. अंगावरचं मांस उतरलं होतं. एका दुपारी त्याने कानामागे हात नेला.

"काढू का ही?"

रेवती कपड्यांच्या घड्या करत होती. "काढलीस तर मला काहीच कळणार नाही."

"मलाही नाही कळत. मला तरी कुठे कळतं, मी उद्या काय करेन?"

हातातली घडी ठेवून तिने मान हलवली. ती होकारार्थी होती की नुसतीच, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. त्याने टिकली सोलून काढली. खाली कातडीचा एक पांढुरका गोल राहिला.

त्यानंतरचे दिवस तिला सगळ्यांत जड गेले. वर्गात फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता तिचा हात पर्सकडे जायचा. टिकली काढलेली आहे हे माहीत असून ती फोन उघडायची. 'संपर्क नाही.' पुन्हा उघडायची. 'संपर्क नाही.' बाजारात, देवळात, न्हाणीघरात. एकदा तुषारने ते पाहिलं. तो दारातूनच म्हणाला, "मला पण असंच होतं गं. बाटली नाही हे माहीत असून कपाट उघडतो मी." त्या दिवशी तिने त्याच्यासमोर बसून ते अॅप फोनमधून काढून टाकलं.

किशोरभाऊंनी त्याला परत कामावर घेतलं, पण खोल्यांवर नाही. तो लेबलं बघत बसे. पिकायला टाकलेल्या मालाचा वास बाहेर यायचा, आणि एखादी खोली उशिरा उघडली हे त्याला बाहेरून कळायचं. तो बोलायचा नाही.

रविवारी तो गटात जायचा. पुन्हा पहिल्यासारखं सगळ्यांसमोर उभं राहून 'मी परत प्यायलो' म्हणणं त्याला फार जड गेलं. तिथे एका बाईंनी त्याला विचारलं, "घरातून निघाल्यापासून पहिला घोट घेईपर्यंत तू कुणाला फोन करू शकला असतास?" त्याला एकच नाव आठवलं, आणि तो माणूस तेव्हा आधीच गेलेला होता.

"मग दुसरं नाव शोध," त्या म्हणाल्या.

हे त्याने घरी येऊन रेवतीला सांगितलं.

हिवाळ्यात एका दुपारी शेवटच्या तासाला रेवतीचा फोन वाजला. तुषार कामाच्या वेळी फोन करत नसे. ती वर्गाबाहेर आली.

"रेवती," तो म्हणाला. शब्द जड होते. "मी प्यायलोय."

किती, का, कुणी दिली, हे सगळं तिच्या तोंडात एकदम आलं.

"कुठे आहेस?" तिने विचारलं.

"भुसावळच्या रस्त्याला. गावाबाहेरच्या मोरीवर. निम्मी उरलीय अजून. हातातच आहे. तू ये. ओरडू नकोस, पण ये."

"येते."

शाळेतल्या एका बाईंची स्कूटर घेऊन ती निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीचे मळे होते आणि वरून फवारणीचं ड्रोन एकसुरी घरघर करत फिरत होतं. मोरीच्या कठड्यावर तुषार पाय सोडून बसला होता. बाटली त्याने दोन्ही हातांनी धरली होती, गार हाताने चहाचा कप धरावा तशी. रेवती गाडी लावून त्याच्याशेजारी बसली. बाटली ओढून फेकून द्यावी असं तिला इतकं वाटलं, की तिने आपलेच हात मांडीखाली दाबून धरले.

"पोटात दुखतंय?"

"सुरू झालंय थोडं."

"काय झालं रे?"

तो म्हणाला, "सकाळी आर्वीला फोन केला होता. संक्रांतीला ये म्हटलं. नाही येणार म्हणाली. चांगलं बोलली. 'पप्पा, तुम्ही बरे आहात ना,' म्हणाली. परक्या माणसाला विचारतात तसं." त्याने नाक पुसलं. "चांगलं बोलली गं ती. चिडली असती तर बरं झालं असतं."

रेवतीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तिने चेहरा लपवला नाही.

"ही तू ओत," तो बाटली तिच्यासमोर धरून म्हणाला. "मला नाही जमणार."

तिने ती मोरीखाली ओतली. त्याने मान फिरवली होती, पण वास यायचा तो आलाच. त्याचा हात रिकाम्या बाटलीकडे जातोय असं तिला वाटलं, पण तो हात मागे आला.

डॉक्टरांना फोन झाला. त्यांनी भुसावळच्या रुग्णालयात ताबडतोब न्यायला सांगितलं. रुग्णवाहिकेची वाट बघत बसण्याइतका वेळ नव्हता. रेवतीने त्याला मागे बसवलं आणि पडू नये म्हणून ओढणीने आपल्या कमरेशी घट्ट बांधलं. त्याच्या डोक्याचा सगळा भार तिच्या पाठीवर आला. या वेळी शरीर किती साथ देईल, हे तिला माहीत नव्हतं. घरी परत आलाच, तर पुन्हा पिणार नाही, असंही नव्हतं.

"बोलत राहा," ती म्हणाली. "झोपू नकोस."

तो तिच्या पाठीशी बोलू लागला. अण्णांबद्दल, गुत्त्याच्या मागच्या चिंचेबद्दल, आर्वी लहानपणी पिकलेल्या केळ्याची साल कशी चाटायची त्याबद्दल. वाऱ्यामुळे निम्मं तिला ऐकूच येत नव्हतं. मध्येच तो गप्प व्हायचा, तेव्हा ती गाडीचा वेग कमी करायची, मान किंचित मागे वळवायची आणि विचारायची, "मग?"